बेरिंगची रेंगी

४ जानेवारी १९५९, रविवार. अकोला

आजपासून रोजनिशी लिहायची ठरवली आहे. उद्या माझा कारखाना निघाला की लोक विचारतील, सुरुवात कशी झाली, म्हणून आत्ताच लिहून ठेवलेलं बरं.

आज सायकलने बार्शीटाकळीला गेलो होतो. माझी थोरली बहीण मनकर्णा तिथे दिली आहे. आम्ही भावंडं तिला बाई म्हणतो. तिचे यजमान देवराव गेली तीन वर्षं शंकरपटाच्या शर्यतीत बैल पळवतात आणि तिन्ही वर्षं दुसरे आले. जोडी नामी आहे. सरज्या आणि बाशिंग्या. दोघांनाही बाईने वासरं असल्यापासून हाताने चारलं आहे. वखराला, मोटेला घरी दुसरी जोडी आहे. हे दोघे फक्त पटाचे.

देवरावांनी शेताच्या धुऱ्याकडेच्या सरळ पट्ट्यावर पटाची रेंगी, म्हणजे हलकी दोनचाकी गाडी, पळवून दाखवली. तीनशे हात. शाळेच्या ड्रिल मास्तरांचं थांबवायचं घड्याळ मी मागून नेलं होतं. साडेअकरा सेकंद लागले. पण रेंगी जाताना जी कुरकुरली ती ऐकून माझ्या अंगावर काटा आला. मी चौदा वर्षं कापसाच्या जीनमध्ये फिटर आहे. चाक कुरकुरतं म्हणजे तेवढी ताकद वाया जाते, हे मला कोणी शिकवायला नको. चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यात लोखंडी नळी, नळीत आख, मध्ये एरंडीचं तेल आणि चिंधी. रामाच्या रथालाही हेच असेल.

मी म्हटलं, "भाऊजी, याच्यात बेरिंग बसवू. यंदा पहिला नंबर आपला."

देवराव हसले. "मिस्त्री, तुमची मशीन येगळी अन् बैल येगळे."

लोक असंच म्हणतात. मग नंतर रांग लावतात.

७ जानेवारी, बुधवार

जीनच्या भंगारात जुन्या शाफ्टाची चार बेरिंगं सापडली. रॉकेलने धुतली. दोन दिवस हातातून सोडवेना. फोरमन म्हणाला, घेऊन जा, माझं डोकं खाऊ नको.

कौशल्याला सगळा बेत सांगितला. पटात रेंगी पहिली आली की जिल्हाभरचे पटवाले माझ्याकडे येतील. स्टेशनाजवळ टिनाचा एक गाळा रिकामा आहे. हंगाम संपायच्या आत नोकरी सोडायची आणि बेरिंगच्या रेंग्या करायच्या. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अन् पहिली नायी आली त?"

मी म्हटलं, हा प्रश्नच नाही. ती म्हणाली, "मंग कायचा इचार करता," आणि पुन्हा पोळी लाटायला लागली. बायकोचा पाठिंबा असला की माणसाला अर्धं काम झाल्यासारखं वाटतं.

११ जानेवारी, रविवार

मापं घेतली. देवरावांची रेंगी गावच्या केशव सुतारांनी केलेली. साठीचे असतील. मी तुंबा पोखरायचा म्हटल्यावर त्यांचं तोंड कडू झालं. पण बाईने सांगितलं, "करू द्या केशवबुवा, पोरगं हौसेनं करून राह्यलं." मी छत्तिसाव्या वर्षी पोरगं.

फळ्या काढून टाकल्या आणि त्या जागी बांबूच्या कांबी बांधायला सांगितल्या. जवळजवळ दहा शेर वजन कमी झालं. सुतार एवढंच म्हणाले, "हलकी केली थे बरं केलं." बेरिंगाबद्दल अवाक्षर नाही. माणसाला आपल्या धंद्यात दुसरा शिरला की जड जातं. मी मनावर घेतलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

झालं. नवा आख जीनच्या लेथवर मीच काढला. तुंब्यांवर पत्र्याची दोन झाकणं बसवली, म्हणजे आत धूळ जायला नको. रेंगी ठोकळ्यांवर चढवून चाकाला हाताने फेरा दिला. आधी हेच चाक चार फेऱ्यांत थांबायचं. आज मी बत्तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजायचं सोडून नुसतं बघत उभा राहिलो. आवाज शून्य.

मग बैल जुंपले. अकरा सेकंद! घड्याळ मी तिघांना दाखवलं. आणि बैल एवढे खुशीत होते की खुणेच्या दगडापुढे थांबायलाच तयार नाहीत. पार बाभळीच्या कुंपणापर्यंत गेले. देवराव मागे रेलून कासरे ओढत होते, तरी थांबेनात. परत आले तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता.

"मांगून धक्का मारते हे गाडी," ते म्हणाले.

मी म्हटलं, "भाऊजी, वेगाची सवय नाही तुम्हाला."

बाई बैलांजवळ उभी राहून त्यांच्या शिंगांच्या मुळाशी हात फिरवत होती. जू पुढे सरकून शिंगांना लागलं होतं म्हणे. उद्या जुवाला गादी शिवून घे म्हटलं.

२० जानेवारी, मंगळवार

गाळेवाल्याशी बोलून आलो. पट झाला की नक्की सांगतो म्हटलं. पाटीवर काय लिहायचं ते ठरवतो आहे. 'सूर्यभान मिस्त्री, बेरिंगची रेंगी'. एवढंच पुरे, लोकांना कळतं.

२५ जानेवारी, रविवार

आज पावणेबारा. माझा विश्वास बसेना. पुन्हा पळवलं, पुन्हा पावणेबारा. बेरिंगं उघडून पाहिली, एकदम उत्तम. ग्रीस उत्तम. आखाला केसाएवढा वाक नाही. म्हणजे दोष बैलांकडे.

सुटताना ठीक सुटतात, पण अर्ध्यावर गेले की कान मागे करतात. बाई म्हणाली, "बैल मांगं पाहून राह्यले, सूर्यभान."

"मागे काय आहे पाहायला? भाऊजीच आहेत."

"भाऊजी नायी, गाडी हाय."

मी तिला सरकीची पेंड किती देते ते विचारलं. पेंड जास्त झाली की बैल सुस्त होतो. ती शिंगांच्या मुळाशी हळद-तेल लावत बसली. गादी शिवूनही लागतंय. सरज्याच्या मागच्या डाव्या पायालाही खरचटलं आहे, ढेकळाने असेल.

१ फेब्रुवारी, रविवार

इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. सव्वाबारा. जुन्या कुरकुरत्या रेंगीपेक्षाही वाईट. बैल दोनतृतीयांश पट्टा नीट पळतात आणि मग खुणेच्या दगडाआधीच पाय आखडतात. दगड त्यांना पाठ झाला आहे. बाशिंग्या तर जू पाहिलं की मान वळवतो. मला राग आला. जनावर आळशी निघालं तर त्याला यंत्र काय करणार?

जेवताना मी म्हटलं, "भाऊजी, एखादी दुसरी जोडी पाहायची का? रेंगी पहिल्या नंबरची आहे, बैल तसे नाहीत."

बाईने हातातली भाकर परत टोपल्यात ठेवली. एरवी मला नको नको म्हणेपर्यंत वाढते. देवराव म्हणाले, "थे बेरिंग काढून टाका मिस्त्री, पट तीन हप्त्यावर आला." मी खूप बोललो. घर्षण म्हणजे काय तेही सांगितलं. घर्षण हा शक्तीचा शत्रू आहे, असं वाक्यही म्हटलं, जे मला आवडलं.

निघताना बाई सायकलपर्यंत आली. "पटात दुसरं आलं त तू नोकरी सोडशीन?"

"नाही सोडणार. पण येत नाही दुसरं."

"अन् पहिलं आलं त सोडशीन."

"हो."

"तुया मनात लयच हाय ते?"

मी म्हटलं, बाई, चौदा वर्षं दुसऱ्याची यंत्रं पुसतो आहे. एकदा आपलं काहीतरी करू दे. तिने सायकल सरळ धरून दिली. मग म्हणाली, "बरं. जाय आता. मी पायते बैलाईचं." तिने पेंडीचं मनावर घेतलं असं दिसतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल जाता आलं नाही. जीनचा पट्टा तुटला आणि रविवार त्यात गेला. कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर उभ्या. मी बार्शीटाकळीच्या एका गाडीवानाबरोबर चिठ्ठी दिली, झाकणं उघडू नका, धूळ जाईल. चिठ्ठी पोचली, असा निरोप आला.

कौशल्या म्हणते, मी झोपेत आकडे बोलतो. बोलत असेन. काळजी अशी नाही, पण अंग जरा तापल्यासारखं वाटतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

मी म्हटलंच होतं! सव्वाअकरा, आणि दुसऱ्यांदा अकरा!

बैल बदलले. कान पुढे, मान मोकळी, खुणेचा दगड ओलांडून पळाले आणि देवरावांनी कासरा नुसता उचलला तर थांबले. नव्या यंत्राची सवय व्हायला वेळ लागतो, माणसाला आणि जनावरालाही. मला धीर होता म्हणून हे झालं.

रेंगी थोडी कुरकुरली. मी थबकलो, पण बांबूच्या कांबी सुकल्या की आवाज करतात. सुतळी आवळायला सांगितली. केशव सुतार आज लिंबाखाली बसून पाहत होते. मला मुद्दाम बोलावून तंबाखू दिली आणि म्हणाले, "जमलं मिस्त्री." मोठ्या मनाचा माणूस निघाला. मी उगाच वाईट वाटून घेतलं होतं.

पटाआधी एकदा ग्रीस पाहावं म्हणून झाकण काढायला पाना घेतला, तर बाई आडवी आली. तिने दोन्ही झाकणांवर कुंकवाची बोटं ओढली होती आणि चाकांची पूजा केली होती. पूजलेलं चाक पट होईपर्यंत उघडत नाहीत म्हणे. सुतारांनीही मान डोलावली. मी हसलो. पण तिच्या हाताला एरंडीच्या तेलाचा वास येत होता, बिचारी बैलांची शिंगं चोळून चोळून दमली आहे. म्हटलं, राहू दे, बहिणीची श्रद्धा मोडायची नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार. पट

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

माणूस किती आलं होतं सांगता येत नाही. झाडांवर, बैलगाड्यांवर, बायका दूर माळावर छत्र्या घेऊन. दोन पट्टे, दोन जोड्या, झेंडी पडली की सुटायचं. हरला तो गेला. आम्ही चार धावा जिंकलो आणि शेवटची तेल्हाऱ्याकडच्या हिवरखेडच्या रामरावांच्या जोडीशी. तीन वर्षं हेच गृहस्थ पहिले येतात. त्यांचे बैल आमच्यापेक्षा हातभर उंच वाटले.

झेंडी पडली. अर्ध्या पट्ट्यापर्यंत ते पुढे. मग सरज्याने मान खाली घातली आणि देवराव नुसते "हां बापा, हां" म्हणत होते, काठी लावली नाही, आणि आमची जोडी त्यांच्या शेजारी आली, मग बाहेर आली, मग पुढे निघाली. एका रेंगीएवढं अंतर. मी ओरडत होतो की रडत होतो, मला माहीत नाही. कोणीतरी मला खांद्यावर घेतलं.

नंतर पंधरावीस माणसं रेंगीभोवती जमली आणि मी बोललो. बेरिंग म्हणजे काय, गोळ्या कशा फिरतात, सगळं. कुंकवाच्या झाकणावर हात ठेवून बोललो. रामराव स्वतः म्हणाले, "मिस्त्री, असीच मले करून द्या. पुढच्या इतवारी पाह्यला येतो." त्यांच्याशिवाय आणखी चौघांनी सांगितलं.

मी बाईला शोधलं. ती बैलांना पाणी पाजत होती. पाया पडलो तर तिने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. आनंदाने माणसाला बोलवत नाही.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मॅनेजरच्या टेबलावर राजीनामा ठेवला. ते म्हणाले, विचार केला आहेस ना? मी म्हटलं, साहेब, दीड महिना विचारच करतो आहे. गाळा नक्की केला.

१ मार्च, रविवार

हे लिहायला बसायचं नव्हतं.

सकाळी दहाला बार्शीटाकळीला पोचलो. रामराव आणि आणखी दोघे दुपारी यायचे होते. त्यांना दाखवण्याआधी बेरिंगं पुसून लख्ख करावीत म्हणून झाकण काढलं. आत बेरिंग नव्हतं. लाकडाचा ताजा बुचा ठोकलेला, त्यात जुनी लोखंडी नळी, नळीत जुना आख आणि एरंडीच्या तेलाची चिंधी. दुसरं चाक उघडलं. तेच.

मी बाईला हाक मारली. ती आली, माझ्या हातातलं झाकण पाहिलं आणि दाराच्या दगडावर बसली.

"केव्हा?"

"तू आला नायी त्या इतवारी. केशवबुवाले म्या बलावलं."

"कावून?" रागात माझ्या तोंडून गावचं निघालं.

"तुयी गाडी मोकळी होती. बैल थांबले का थे थांबे नायी. जू शिंगावर, गाडी पायावर. त्याईले वाटे मांगून कोनी मारून राह्यलं. थे पळू कसे? जे गाडी आपल्यासंगं थांबत नायी, तिच्यापुढं बैल पळत नायी." ती हळू बोलत होती. "तुले सांगतलं. भाऊजीनं सांगतलं. तू आयकलं काय? अन् दुसरं आलो असतो त तुया मनातलं ऱ्हायलं असतं. म्हणून केलं. त्याईचं बी झालं, तुयं बी झालं."

म्हणजे माझ्यासाठी. मी शिंगांवर हळद पाहिली होती. पायाचं खरचटणं पाहिलं होतं. ते या वहीत माझ्याच अक्षरात आहे. एवढी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"आता रामराव येतील," मी म्हटलं.

"येऊ दे. झाकण लावून दे. तुयी बेरिंग म्या धुऊन ठेवली हाय, त्याईले हातात दाखव. आमी तिघं कोनाले सांगत नायी. मरेपावतर नायी."

ती खरंच सांगणार नाही. सुतारही नाहीत, त्यांनी तर मला तंबाखू दिली. झाकण माझ्या हातात होतं आणि चार बोल्टांचं काम होतं. राजीनामा दिलेला, गाळा घेतलेला. पाच रेंग्या. ते पाच जण आपापल्या बैलांना त्या जुंपतील आणि त्यांच्या घरी कोणी बाई नसेल.

झाकण मी जमिनीवर ठेवलं.

रामराव आले तेव्हा त्यांनी उघडा तुंबा पाहिला. मी सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा तोंड उघडलं नसतं. त्यांच्याबरोबरच्या एकाला हसू आवरेना. रामरावांनी पागोटं काढलं, घाम पुसला आणि विचारलं, "मंग हे रेंगी कोनाची?"

"केशव सुतारांची. कांबी तेवढ्या माझ्या."

"सुतार कोठी रायते?"

मी घर दाखवलं. ते तिघे तिकडे गेले. बाईने जेवायला वाढलं, मी जेवलो. नोकरीचं काय, असं देवरावांनी विचारलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

४ मार्च, बुधवार

बाकीच्या दोघांना पत्रं टाकली.

कौशल्याला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की शेजारची डोकावली. मग म्हणाली, "साहेबाकडे परत जाता?" मी म्हटलं, नाही. कशाच्या जोरावर नाही म्हटलं ते मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण हात आहेत, अक्कल आहे. थोडी कमी आहे हे कळलं, एवढंच.

१६ मार्च, सोमवार

गाळा उघडून चार दिवस झाले. पाटीवर आता फक्त 'सूर्यभान मिस्त्री' आहे. आतापर्यंत एक सायकल आली, तिची साखळी बसवून दिली.

आज बाराच्या सुमारास दारात कामाची बैलगाडी थांबली. देवराव हाकत होते. बाई मागे बसली होती आणि तिच्या मांडीवर मोटेचं लाकडी चाक होतं, विहिरीवरचं, ज्याच्यावरून दोर जातो. वीस वर्षांचं असेल. दोघांनी ते उतरवून माझ्या बाकावर ठेवलं. त्याच्याशेजारी तिने एक फडकं सोडलं. माझी चारही बेरिंगं, तेल लावलेली.

"याले लाव," ती म्हणाली. "इथं बैलाईच्या मांगं काई येत नायी. पाणी वर येते. जड जाते त्याईले, दिवसभर."

मी चाक उचललं, फिरवून पाहिलं, आणि सवयीने तोंड उघडलं. भोक किती मोठं करायचं, आख कुठून काढायचा, सगळं जिभेवर आलं होतं. देवराव खाली पाहून हसले असं मला वाटलं.

मी चाक खाली ठेवलं. आतून स्टूल आणून बाईला दिलं, पेन्सिल घेतली आणि विचारलं, "बैल मोटेवर कसे चालतात ते सांग. उतारावर कसे, मागे येताना कसे. पहिल्यापासून सांग."

तिने पदर नीट केला. एवढ्या वर्षांत मी तिला असं काही विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी ते तिला सुचेना. मग ती बोलू लागली. दोन तास बोलत होती. मी लिहून घेतलं.